मोतीच्या चालीने कोलोरॅडो : आठ दिवस, चार माणसे आणि तीन कुत्री

आमचा मोती, लॅब्रॅडोर जातीचा, तेरा वर्षांचा झाला, तेव्हापासून त्याला कुणाकडे सोपवून प्रवासाला जाणे मला जमेनासे झाले. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये घरचा दीड दिवसाचा गणपती आटोपल्यावर माझी मैत्रीण आणि तिचे यजमान जेवायला आले होते. पर्वतात कुत्र्यांना घेऊन जायचे असेल तर घरच बरोबर न्यावे, हे त्या रात्रीच्या गप्पांमधून निघाले. त्यांच्याकडे दोन कुत्री आहेत. बिजली ही दोन वर्षांची, क्षणभर स्वस्थ न बसणारी बॉर्डर कॉली आणि गुंडू हा आखूड पायांचा, लांबट अंगाचा डॅक्सहुंड. डेन्व्हरहून निघून दक्षिण कोलोरॅडोच्या सान हुआन पर्वतांना वळसा घालायचा आणि दुसऱ्या वाटेने परत यायचे, असा आठ दिवसांचा बेत ठरला.

पहिला दिवस, शनिवार, २३ सप्टेंबर : डेन्व्हर ते ब्युना व्हिस्टा

आरव्ही, म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय असलेली मोठी गाडी, ताब्यात घेण्यातच सकाळ गेली. गाडी अठ्ठावीस फूट लांब होती. चालकाच्या डोक्यावर पलंग असतो त्या बांधणीची, म्हणजे इथल्या भाषेत क्लास सी. गाडी देणाऱ्या माणसाने तिन्ही टाक्या शांतपणे समजावल्या: पिण्या-वापरण्याच्या पाण्याची, बेसिन आणि न्हाणीच्या सांडपाण्याची ग्रे टँक, आणि संडासाची ब्लॅक टँक. रिकामी करताना नेहमी आधी ब्लॅक आणि मग ग्रे, म्हणजे साबणाचे पाणी मागून येऊन पाइप धुऊन काढते, हे त्याने दोनदा बजावले. कुत्र्यांना छातीचे पट्टे घालून ते सीटबेल्टला अडकवले, कारण एवढ्या गाडीला जोराचा ब्रेक लागला तर मोकळे कुत्रे थेट पुढच्या काचेवर आदळते. मोतीला गाडीच्या उभ्या पायऱ्या चढवत नव्हत्या, म्हणून आम्ही घडीचा रॅम्प बरोबर घेतला होता. आठ दिवसांत सर्वांत जास्त वापरली गेलेली वस्तू तीच.

यूएस २८५ हा महामार्ग डेन्व्हरमधून निघाला की तासाभरातच डोंगरात शिरतो. त्यावरची पहिली मोठी खिंड म्हणजे सुमारे १०,००० फुटांवरची केनोशा पास. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात इथली अ‍ॅस्पेनची झाडे पिवळी होतात आणि निम्मे डेन्व्हर ती पाहायला येते. शनिवार होता. रस्त्याच्या दोन्ही कडांना गाड्यांच्या रांगा लागल्या होत्या, माणसे लहान मुलांना घेऊन रस्ता ओलांडत होती आणि अठ्ठावीस फुटी गाडी उभी करायला कुठेच जागा नव्हती. मैत्रीण खिडकीला कपाळ टेकवून ते सोनेरी उतार मागे पडताना पाहत राहिली. थांबता आले नाही, याचे मलाही वाईट वाटले.

पुढे साउथ पार्कचे विस्तीर्ण गवताळ पठार लागते आणि ट्राउट क्रीक पास उतरताना समोर कॉलेजिएट पीक्सची रांग उभी राहते. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन ही तिथल्या चौदा हजार फुटांवरच्या शिखरांची नावे. १८६९ मध्ये प्राध्यापक जे. डी. व्हिटनी हार्वर्डच्या विद्यार्थ्यांना घेऊन या भागाचे सर्वेक्षण करायला आले होते, तेव्हापासून विद्यापीठांची नावे द्यायची ही प्रथा पडली. ब्युना व्हिस्टाच्या आरव्ही तळावर वीज, पाणी आणि सांडपाण्याची जोडणी मिळाली. पहिल्या रात्री तेवढी सोय असावी, कारण कुठला खटका कशाचा हे कळायलाच ती रात्र जाते.

दुसरा दिवस, रविवार : ग्रेट सँड ड्यून्स

पाँचा पास (९,०१० फूट) ओलांडला की सान लुईस खोऱ्यात रस्ता दोरी ताणल्यासारखा सरळ होतो. डाव्या हाताला सांग्रे दे क्रिस्तो पर्वताची भिंत कित्येक मैल सोबत राहते. तिच्या पायथ्याशी एक फिकट, मऊ पट्टा दिसू लागला, तेव्हा मला तो धुळीचा लोट वाटला. जवळ गेल्यावर त्या पट्ट्यावर मुंग्यांएवढी माणसे दिसली आणि टेकड्यांची खरी उंची लक्षात आली. हे उत्तर अमेरिकेतले सर्वांत उंच वाळूचे ढीग आहेत आणि त्यांतला सर्वांत उंच सुमारे ७४० फुटांचा आहे.

समुद्रापासून इतक्या दूर वाळू का साचली, याचे उत्तर त्या जागी उभे राहिले की डोळ्यांना दिसते. खोऱ्यात पूर्वी सरोवरे होती. ती आटल्यावर उघडी पडलेली वाळू नैर्ऋत्येचा नेहमीचा वारा पर्वताच्या कोपऱ्याकडे ढकलत आणतो, वादळी दिवसांत खिंडींमधून येणारा ईशान्येचा वारा तिला उलट रेटतो, आणि दोघांच्या ओढाताणीत ती वर वर चढत जाते. कडेने मेदानो आणि सँड हे ओढे वाहतात. ते मागच्या बाजूची वाळू उचलून पुन्हा पुढे आणून टाकतात. वारा आणि पाणी यांचा हा फेरा चालू आहे म्हणून टेकड्या आपल्या जागी टिकल्या आहेत.

उद्यानाच्या पिन्यन फ्लॅट्स तळावर विजेची वा पाण्याची जोडणी नाही, पाणी नळावरून आणावे लागते. उंची ८,२०० फूट. इथे पाणी साधारण ९२ अंशांनाच उकळते, त्यामुळे उघड्या पातेल्यातल्या डाळीला अंत नसतो. कुकर आणला होता, म्हणून वेळेवर खिचडी मिळाली. पौर्णिमा पाच दिवसांवर होती. मध्यरात्रीपर्यंत चांदण्यात टेकड्या दुधाळ दिसत होत्या. चंद्र मावळल्यावर मी मोतीला बाहेर काढले, तेव्हा आकाशगंगा डोक्यावरून थेट खोऱ्यापलीकडे गेली होती. या उद्यानाला २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय डार्क स्काय पार्कचा दर्जा मिळाला आहे. मोती मात्र वर न पाहता जमिनीवरचा कुठलासा वास बराच वेळ हुंगत उभा होता आणि मी त्याला हलवले नाही.

तिसरा दिवस, सोमवार : वाळूवर

अमेरिकेतल्या बहुतेक राष्ट्रीय उद्यानांत कुत्र्यांना पायवाटांवर मज्जाव असतो. वाहनतळ, तळाची जागा आणि डांबरी रस्ता एवढेच त्यांच्या वाट्याला येते. ग्रेट सँड ड्यून्स हा सुखद अपवाद आहे. इथे सहा फुटांपेक्षा लांब नसलेल्या दोरीला बांधून कुत्र्यांना पहिल्या उंच कड्यापर्यंत नेता येते. उन्हाळ्यात दुपारी वाळूचा पृष्ठभाग १५० अंश फॅरेनहाइटपर्यंत, म्हणजे सुमारे ६५ अंश सेल्सिअस तापू शकतो. आपल्या पायांत बूट असतात, त्यांच्या पायांत नसतात, म्हणून आम्ही उजाडताच निघालो.

मे-जूनमध्ये वितळत्या बर्फाने वाहणारा मेदानो ओढा सप्टेंबरात आटलेला होता, पण त्याचे रुंद पात्र घट्ट आणि थंड होते. बिजलीने मैत्रिणीला जवळपास ओढतच पहिल्या कड्यावर नेले. गुंडूचे पोट वाळूला टेकत होते आणि तो दर दहा पावलांनी थांबून आमच्याकडे पाहत होता, तेव्हा मैत्रिणीच्या यजमानांनी त्याला उचलून खांद्यावर घेतले. मोती आणि मी पात्रातच राहिलो. त्याने पुढच्या पायांनी उकरायला सुरुवात केली आणि कोपरभर खोल गेल्यावर ओल लागली, तसा तो त्या खड्ड्यात छाती टेकून आडवा झाला. दोन वर्षांत मी त्याला उकरताना पाहिले नव्हते. तासभर आम्ही तिथेच बसून होतो. साडेनऊला हाताची मागची बाजू वाळूवर टेकवून पाहिली, चटका जाणवू लागला होता, आणि आम्ही परतलो.

दुपारी तो झोपला तो संध्याकाळी उठला, तेव्हा त्याने भांड्याकडे पाठ फिरवली. पाणीही जेमतेम चाटले. रात्री पडल्या पडल्या त्याला धाप लागत होती. मी त्याच्या बरगड्यांवर हात ठेवून श्वास मोजत बसले आणि सकाळच्या त्या खड्ड्याचा आनंद माझ्याच मनात बोचू लागला. पहाटे चारला नवऱ्याने चहा केला. उजाडताच जवळच्या गावातला पशुवैद्य गाठायचा, असे आम्ही ठरवले.

चौथा दिवस, मंगळवार : अलामोसा, वूल्फ क्रीक पास, पगोसा स्प्रिंग्ज

अलामोसातल्या दवाखान्यात आम्हाला आधी वेळ घेतलेली नसतानाही आत घेतले. डॉक्टरीणबाईंनी हिरड्यांचा रंग पाहिला, हिरडी दाबून रक्त परत यायला किती वेळ लागतो ते पाहिले, मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली आणि हृदय व फुप्फुसे बराच वेळ ऐकली. शरीरातले पाणी कमी झाले होते. कोरडी हवा, उंची, वय आणि धापेतून जाणारी वाफ यांचा तो एकत्रित परिणाम होता. कातडीखाली सलाइन दिल्यावर मानेजवळ उंटासारखा फुगवटा आला आणि दुपारपर्यंत तो विरून गेला. उंच खिंड गाडीतून ओलांडायला हरकत नाही, पण तिथे रेंगाळू नका, रात्री शक्य तितक्या खाली झोपा आणि त्याला दर दोन तासांनी स्वतःहून पाणी पाजा, असे त्यांनी सांगितले.

वाहनतळावर उभे राहूनच आम्ही बेत बदलला. सान हुआन पर्वतांतल्या सिल्व्हरटन गावचा ९,३१८ फुटांवरचा मुक्काम रद्द झाला. मैत्रिणीने वहीत प्रत्येक दिवसासमोर दोन आकडे लिहिले: ओलांडायच्या खिंडीची उंची आणि झोपायच्या जागेची उंची. माझे स्पष्ट मत असे झाले आहे की, म्हातारे कुत्रे बरोबर असेल तर डोंगरातला प्रवास या दुसऱ्या आकड्यावरूनच आखावा आणि दिवसा काय पाहायचे ते नंतर ठरवावे. तिचा सिल्व्हरटनवर फार जीव होता, तरी तिने तक्रारीचा एक शब्द काढला नाही. ही गोष्ट मी विसरणार नाही.

अलामोसाहून यूएस १६० रिओ ग्रांदे नदीच्या सोबतीने साउथ फोर्कपर्यंत जातो आणि मग वूल्फ क्रीक पासला (१०,८५७ फूट) चढतो. इथे खंडाची जलविभाजक रेषा आहे. पूर्वेला पडलेले पाणी रिओ ग्रांदेतून मेक्सिकोच्या आखाताकडे निघते, पश्चिमेचे सान हुआन आणि कोलोरॅडो नद्यांतून कॅलिफोर्नियाच्या आखाताच्या दिशेने. वर पाच मिनिटे थांबून मोतीला पाणी पाजले आणि निघालो.

उतारावर नवरा गाडी चालवत होता. पश्चिमेचा उतार जवळपास सात टक्क्यांचा आणि मैलोन्‌मैल चालणारा आहे. घर अंगावर घेतलेल्या गाडीला तो केवळ ब्रेकवर उतरवू गेले तर ब्रेक तापतात आणि तापल्यावर पकड सोडतात. त्याने माथ्यावरच टो-हॉलचे, म्हणजे जड गाडीसाठी गिअर खालचा राखणाऱ्या सोयीचे, बटण दाबले, गिअर खाली आणला आणि वेग इंजिनाकडून धरून घेतला. वेग वाढलाच तर ब्रेक घट्ट दाबून दहा मैलांनी कमी करायचा आणि पाय पूर्ण उचलायचा, सतत हलका दाबून ठेवायचा नाही. इंजिन मोठ्याने ओरडते, ते ओरडू द्यावे. ब्रेक निकामी झालेल्या ट्रकसाठी या घाटात खडीने भरलेले, वर चढत जाणारे सुटकेचे रस्ते ठेवले आहेत. ते बाजूने गेले तेव्हा गाडीत कुणी बोलत नव्हते.

पगोसा स्प्रिंग्ज ७,१०० फुटांच्या आसपास आहे. गावातल्या उष्ण झऱ्याची खोली १,००२ फुटांपर्यंत मोजली गेली आणि जगातला सर्वांत खोल उष्ण झरा म्हणून २०११ मध्ये त्याची गिनेस नोंद झाली. नदीकाठी गंधकाचा वास पसरलेला असतो. त्या रात्री मोतीने वाटीभर दहीभात खाल्ला आणि वाटी चाटून पुसून पुढे सरकवली. मैत्रिणीच्या डोळ्यांत पाणी आले, आणि मग माझ्याही.

पाचवा दिवस, बुधवार : ड्युरँगो, सिल्व्हरटन, युरे

ड्युरँगोहून उत्तरेला जाणारा यूएस ५५० आम्ही मुद्दाम याच दिशेने घेतला. सिल्व्हरटन आणि युरे यांच्यामधल्या त्याच्या भागाला मिलियन डॉलर हायवे म्हणतात. इथे बऱ्याच ठिकाणी दरीच्या बाजूला कठडा नाही, कारण हिवाळ्यात बर्फ हटवणाऱ्या गाड्यांना ते बर्फ कडेवरून खाली ढकलायचे असते. अमेरिकेत वाहने उजवीकडून चालतात, त्यामुळे उत्तरेकडे जाणारा डोंगराला लागून राहतो आणि दक्षिणेकडे येणारा दरीच्या काठावरून. मोठी गाडी घेऊन पहिल्यांदा जाणाऱ्याने दक्षिणेकडून उत्तरेलाच जावे, असे मी आग्रहाने सांगेन.

कोल बँक (१०,६४० फूट) आणि मोलास (१०,९१० फूट) या दोन खिंडी ओलांडून आम्ही सिल्व्हरटनला उतरलो. गावातला ग्रीन स्ट्रीट हा मुख्य रस्ता तेवढा डांबरी, बाकीचे अजून मातीचे. ड्युरँगोहून १८८२ मध्ये इथे पोहोचलेली अरुंद रुळांची रेल्वे खाणींतली चांदी वाहायला बांधली होती, आज ती प्रवासी वाहते. आम्ही बाकावर बसून डबे उघडत असतानाच वाफेच्या इंजिनाची शिट्टी डोंगरांत घुमली. बिजली भुंकायची थांबली, गुंडू बाकाखाली गेला आणि मोतीने फक्त एक कान उचलला. मुक्काम हुकला तरी ती दुपार मैत्रिणीला मिळाली, याचे मला समाधान आहे.

पुढे मैत्रीण चालवायला बसली. रेड माउंटन पासवर (११,०१८ फूट) लोहाच्या ऑक्साइडने तांबूस झालेली शिखरे, त्यांच्या खाली अ‍ॅस्पेनचा पिवळा आणि स्प्रूसचा काळपट हिरवा रंग असे थर एकमेकांवर चढलेले होते. १८८० च्या दशकात ऑटो मिअर्स यांनी खाणींसाठी टोलचा रस्ता या कड्यात खोदला, त्याच मार्गावरून आजचा महामार्ग बराचसा जातो. अनकंपाग्रे नदीच्या घळईवरून उतरताना एका वळणावर हिमस्खलनात प्राण गमावलेल्या बर्फगाडीचालकांचे स्मारक आहे. आम्ही वेग ताशी पंधरा मैलांवर आणला होता. मागे साचलेल्या गाड्यांना पुढे जाऊ देण्यासाठी जिथे रुंद जागा मिळेल तिथे थांबत, युरे गाठायला तासाच्या वर लागला.

युरे ७,७९२ फुटांवर आहे आणि तिन्ही बाजूंनी कड्यांत बसवल्यासारखे दिसते. उष्ण पाण्याच्या तलावात कुत्री नेता येत नाहीत, म्हणून आम्ही दोन-दोन जण पाळीने गेलो. गाडीत थांबण्याची पाळीही मला तितकीच आवडली. खिडकीबाहेर कड्यावरचे ऊन तांबडे होत होते आणि तिन्ही कुत्री एकाच पथारीवर पाठीला पाठ लावून झोपली होती.

सहावा दिवस, गुरुवार, २८ सप्टेंबर : ब्लॅक कॅनियन

माँट्रोझला ताज्या पाण्याची टाकी काठोकाठ भरून घेतली. ब्लॅक कॅनियन ऑफ द गनिसन या उद्यानाच्या दक्षिण काठावर पिण्याचे पाणी टँकरने आणावे लागते आणि आरव्हीच्या टाक्या तिथे भरू देत नाहीत. विजेची जोडणी मात्र तळाच्या एका भागात आहे.

दरीच्या काठावर पोहोचेपर्यंत दरी असल्याची कसलीही चाहूल लागत नाही. मग झुडपे संपतात आणि जमीनही संपते. तळाशी गनिसन नदी पांढऱ्या दोऱ्यासारखी दिसते, आवाज मात्र स्पष्ट वर येतो. समोरची पेंटेड वॉल सुमारे २,२५० फूट उंच आहे, कोलोरॅडोतला सर्वांत उंच कडा. काळ्या खडकातून पेग्मटाइट या गुलाबी खडकाच्या शिरा वेड्यावाकड्या धावतात. हे खडक सुमारे १७० कोटी वर्षांचे, आणि नदीने ते कापायला सुमारे २० लाख वर्षे घेतली.

इथल्या रिम रॉक आणि सीडर पॉइंट या दोन वाटांवर कुत्र्यांना परवानगी आहे. सीडर पॉइंटची वाट जाऊन-येऊन पाऊण मैलाहून कमी आहे. मोती ती पूर्ण चालला, चार वेळा बसून. प्रत्येक वेळी मी त्याच्या शेजारी बसले आणि त्यामुळे ती भिंत मला चार वेगवेगळ्या जागांवरून, सावली सरकत असताना पाहता आली. तो अनंत चतुर्दशीचा दिवस होता. संध्याकाळी आरव्हीच्या लहानशा टेबलावर दिवा लावून आम्ही चौघांनी आरती म्हटली. कुत्री दाराशी शांत बसली होती.

सातवा दिवस, शुक्रवार : सलायडा

यूएस ५० ब्लू मेसा जलाशयाच्या काठाने, गनिसन गावातून मोनार्क पासवर (११,३१२ फूट) चढतो. उतरताना एका वळणावर वरच्या कपाटाची कडी उघडली आणि स्टीलचे तीन डबे खणखणत खाली आले. कुणाला लागले नाही, पण गुंडू संध्याकाळपर्यंत थरथरत होता. निघण्यापूर्वी प्रत्येक कडी हाताने ओढून पाहण्याची माझी जबाबदारी होती आणि त्या सकाळी मी ती पार पाडली नव्हती. सलायडा ७,०८३ फुटांवर, अर्कान्सा नदीच्या काठी आहे. टाक्या रिकाम्या केल्या, आधी ब्लॅक, मग ग्रे. पौर्णिमेचा चंद्र उगवला तेव्हा मोती नदीच्या उथळ पाण्यात पोटापर्यंत उभा होता आणि बाहेर यायला तयार नव्हता.

आठवा दिवस, शनिवार, ३० सप्टेंबर : पुन्हा केनोशा

पहाटे पाचला निघालो. साउथ पार्कच्या पठारावर उजाडले आणि सातच्या सुमारास केनोशा पासवर पोहोचलो, तेव्हा वाहनतळावर जेमतेम सात-आठ गाड्या होत्या. हे राष्ट्रीय वन आहे, उद्यान नव्हे, त्यामुळे दोरीला बांधलेल्या कुत्र्यांना पायवाटेवर जाता येते.

अ‍ॅस्पेनचे एकेक बन पुष्कळदा जमिनीखालच्या एकाच मुळातून वाढलेले असते, म्हणून ते सगळे मिळून एकदम पिवळे होते आणि शेजारचे बन अजून हिरवे राहते. आठवड्यापूर्वी पूर्ण बहरात दिसलेले पहिले बन आता अर्धे झडले होते आणि वाट पानांनी झाकली होती. पानांचे देठ चपटे असल्याने जराशा झुळुकीनेही ती थरथरतात, आणि त्या थरथरीचा आवाज दूरवरच्या पावसासारखा येतो. बिजली, गुंडू आणि बाकीचे तिघे पुढे गेले. दहा हजार फुटांवर रेंगाळायचे नाही हे लक्षात ठेवून मी घड्याळात वीस मिनिटे लावली होती. मोती शंभरएक पावले चालला, पानांच्या जाड थरात त्याने गोल फिरून जागा केली आणि तोंड पंजांवर ठेवून बसला. त्याच्या पाठीवर एक पान पडले, मग दुसरे. वीस मिनिटे झाल्यावर मी त्याला हाक मारली, गाडीचा रॅम्प मांडला आणि एक हात त्याच्या पोटाखाली धरून त्याला आत घेतले.